गो (इंग्रजी क्रियापद)

‘जाणे’ या अर्थाचे इंग्रजीतील नित्य वापराचे क्रियापद. जुन्या इंग्रजीत ‘गान’. जर्मन ‘गेहेन’ हे त्याचे सगोत्र. भूतकाळवाचक धातुसाधित ‘गॉन’ याच धातूचे, भूतकाळ ‘वेंट’ मात्र परका. ‘वेंट’ हे ‘गो’चे बिघडलेले रूप, हा समज चुकीचा आहे. ‘वेंड’ म्हणजे वळणे, वळवणे. ‘सेंड–सेंट’, ‘बेंड–बेंट’ या धाटणीने ‘वेंट’ हा त्याचा भूतकाळ होता. सुमारे १५०० पर्यंत तो ‘गो’च्या पदरी पडला आणि ‘वेंड’ला ‘वेंडेड’ असा नवा भूतकाळ मिळाला. पण ‘वेंट’ने ‘गो’चे स्वतःचे रूप हुसकावले, असेही नाही. त्याआधीचा भूतकाळ ‘एओदे’ (पुढे ‘येदे’, ‘योदे’) हाही वेगळ्याच धातूचा. त्याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. अनेक अभ्यासक तिचा संबंध संस्कृत ‘इ’ (एति) या धातूच्या कुळाशी जोडतात. लिखित इंग्रजीत ही जागा पहिल्यापासूनच उसन्या रूपाने भरलेली दिसते.

यावर आक्षेप असा : सतत तोंडी असलेली अनियमित रूपे टिकतात, तर ‘एओदे’ का गेले? वापर त्या एका शब्दाला नव्हे, भिन्नधातुक साच्याला राखतो, हे त्याचे उत्तर. ‘एओदे’ची रूपे बोलीबोलीत विखुरली, ऐकताना ओळख पुसट झाली, तयार असलेले ‘वेंट’ तिथे बसले. स्कॉट्स बोलीत मात्र ‘गेड’ हे नियमित रूप घडले, आणि इंग्रजी मुले आजही आरंभी ‘गोड’ (गो + ड) म्हणतात. म्हणजे साचा अटळ नव्हता. सवयीने तो जिंकला, एवढेच म्हणता येते.

मराठीत अशा भिन्नधातुक साच्याचा पुरावा घरचाच आहे. ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचे (याति, प्राकृत जाइ), तर ‘गेला’ ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून. ‘होतो’ ‘भू’चे, ‘झाला’ ‘जन्’च्या ‘जात’चे. फ्रेंचमध्येही ‘जाणे’ तीन लॅटिन धातूंत विभागलेले आहे, असे सामान्यतः मानले जाते. इतक्या भाषांत गमनवाचक क्रियापदच असे जुळवलेले आढळते, तेव्हा त्याला इंग्रजीचा लहरीपणा म्हणणे योग्य नाही.

अर्थविस्तार : ‘गोइंग टू’ हा भविष्यदर्शक प्रयोग पंधराव्या शतकापासून, तो मूळ हेतुवाचक (काही करायला निघणे). बहुधा अनिष्ट बदल ‘गो’ने सांगतात : ‘गो बॅड’, ‘गो ब्लाइंड’. मराठीतही ‘वाया जाणे’, ‘तडा जाणे’, उलट ‘फळाला येणे’.

नाम : खेळातील पाळी, प्रयत्न.

साधित : ‘अंडरगो’, भूतकाळ ‘अंडरवेंट’.