पटाईत आणि पवित्रा

'पटाईत' म्हणजे मूळचा पट्टा चालविण्यात वाकबगार असलेला माणूस. 'पवित्रा' म्हणजे पायांची ठेवण. आज पहिला शब्द कोणत्याही कामातल्या निष्णातासाठी योजला जातो, तर दुसरा राजकीय बातम्यांत आढळतो. दोन्ही शब्द तालमीतून भाषेत आले, हे मात्र आपण विसरलो आहोत.

दांडपट्ट्याची रचना पाहिली तर या शब्दांचे नाते उलगडते. लांब, लवचीक, दुधारी पाते आणि कोपराकडे हात झाकणारा लोखंडी खोबळा. खोबळ्यात मनगट अडकते. त्यामुळे तलवारीत मनगट जे काम करते, ते येथे खांदा, कंबर आणि पाय यांना करावे लागते. साहजिकच शिक्षणाचा पाया पवित्रा हाच ठरतो. लाठी, बोथाटी, फरी-गदगा यांची लांबी आणि वजन निराळे. परंतु पाऊल टाकणे, भार पालटणे, कंबर वळवणे यांचे व्याकरण एकच.

ही जाण केवळ आपल्याकडचीच नव्हे. मिंगकालीन चिनी सेनापती छी चीग्वांग याने सोळाव्या शतकातील आपल्या युद्धग्रंथात मुष्टियुद्धावर एक प्रकरण लिहिले. मोठ्या लढाईत त्याचा विशेष उपयोग नाही, हे तो मान्य करतो. तरीही हातापायांना वळण लावणारी ती पहिली पायरी होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. शस्त्र नंतर येते, आधी देह घडतो.

१८१८ साली पेशवाई संपली, तरी ही विद्या तालमींत जिवंत राहिली. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. पुढे १८७८ च्या कायद्याने विनापरवाना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. अशा काळात लाठीचे महत्त्व सहज ध्यानात येते: पाते नसले, तरी पवित्रा तोच राहतो.

१९३६ पासून बडोद्याहून निघालेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'त द. चिं. मुजुमदार यांनी व्यायाम आणि खेळ यांची विद्या दहा खंडांत ग्रंथबद्ध केली. हे कार्य थोर आहे. तथापि चित्र थांबलेले पाऊल दाखवते. एका पावलातून दुसऱ्यात कसे जावे, हे वस्तादच दाखवू शकतो.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र घोषित केले. हा गौरव उचितच आहे. पण पाते संग्रहालयात जपता येते, पवित्रा जपता येत नाही. तो शिकणाऱ्याच्या पायांतच राहतो. तालमी ओस पडल्या, तर हे दोन शब्द भाषेत उरतील आणि त्यांचा अर्थ सांगणारा देह उरणार नाही.