चाकांवरचे घर आणि पाण्याची वाट

मृग लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, ही महाराष्ट्रातील कौलारू घरांची जुनी रीत आहे. फुटकी कौले काढावयाची, सरकलेली नीट बसवावयाची, वळचणीची आणि पन्हळीची पाहणी करावयाची. आणि हे सारे गेल्या वर्षी केलेले असले तरी यंदा पुन्हा करावयाचे. किनाऱ्यावरील कोळीही हेच करतो. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवावयाची, तिचे सांधे तपासावयाचे, राळ आणि तेल यांनी ते बुजवावयाचे आणि नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा दर्यात लोटावयाची. घर असो की होडी असो, पाण्याशी तिचा दावा एकदा निकालात निघाला असे कधी होत नाही.

युरोपात आणि अमेरिकेत एक घर असे आहे की ते घरही आहे आणि एका अर्थी होडीही आहे. त्याला मोटरहोम म्हणतात. मोटारीच्या सांगाड्यावर निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय केलेले हे चाकांवरचे घर. त्याचे छप्पर, भिंती, खिडक्या यांचे बाहेरचे सांधे ठराविक काळाने उकरून पुन्हा बुजवावे लागतात, आणि पुष्कळ मालक हे काम स्वतःच्या हातांनी करतात. वरवर पाहता हे सुटीच्या दिवसातले किरकोळ काम. पण त्याच्यामागे काही हजार वर्षांचा इतिहास आहे.

त्या इतिहासाचा आरंभ समुद्रकाठी होतो. ओमानच्या पूर्व टोकाला रास अल्-जिन्झ येथे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील डांबराचे तुकडे सापडले आहेत. त्यांच्या एका अंगावर बोरूंचे आणि दोरांचे ठसे आहेत, तर दुसऱ्या अंगाला समुद्रातील शिंपले चिकटलेले आहेत. बोरूंच्या जुड्या बांधून केलेल्या होड्यांना बाहेरून जो डांबराचा लेप देत, त्याच्या या खपल्या होत. होड्या केव्हाच कुजून गेल्या. त्यांना कोरडे ठेवणारा लेप मात्र चार हजार वर्षांनंतरही साक्ष देण्यास उरला आहे.

पुढे फळ्यांची जहाजे आली आणि दोन फळ्यांमधील फटीचा प्रश्न उभा राहिला. निरनिराळ्या देशांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली. अरबी समुद्राच्या काठी फळ्या काथ्याने शिवीत. तेराव्या शतकात होर्मुझला आलेला मार्को पोलो अशा जहाजांचे वर्णन करतो आणि ती धोक्याची असल्याचे सांगतो. त्यांना डांबर नव्हते. माशाचे तेल चोपडीत. परंतु शिवलेल्या नावेचा एक गुण त्याच्या ध्यानात आला नसावा. ती लवचिक असते. मद्रासच्या किनाऱ्यावर बंदर बांधले जाण्यापूर्वी फुटणाऱ्या लाटांतून माल आणि माणसे ने-आण करणाऱ्या मसुला नावाच्या नावा शिवलेल्याच होत्या. खिळ्यांनी ताठ जखडलेली होडी तेथे टिकत नसे. चिनी कारागिरांची रीत मार्को पोलोनेच नोंदविली आहे. ते चुना आणि कुटलेला ताग एका झाडाच्या तेलात मळून त्याचा लगदा फटींत भरीत.

पश्चिम हिंदुस्थानचे उत्तर याहून वेगळे होते. अठराव्या शतकात ग्रोस नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेची जहाजे पाहिली. त्यांची फळी फळीला नुसती टेकवलेली नसून एकीची कड दुसरीच्या खाचेत बसविलेली असे, आणि म्हणून सांध्यातून पाणी शिरत नसे, असे तो लिहितो. याच सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. १८१७ साली तेथे पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. सागाच्या अंगच्या तेलाचे त्यात श्रेय आहे, सुताराच्या सफाईचे आहे, आणि दोन शतके त्याच्या फटी पुनःपुन्हा बुजविणाऱ्या अनामिक हातांचेही आहे.

युरोपातील रीत अशी. जुने दोर उसवून, त्यांचे धागे पिंजून, ते डांबरात भिजवावयाचे. हा काथ्या बोथट पटाशीने आणि लाकडी मोगरीने फटीत ठोकून ठोकून बसवावयाचा, आणि वरून कढत डांबर ओतावयाचे. पाणी लागले की लाकूड फुगते आणि काथ्या अधिकच घट्ट बसतो. पण नवे भरण्यापूर्वी फटीतील जुना, सडलेला काथ्या आकड्याने उकरून काढणे अगत्याचे असे. जुन्यावर नवे भरले तर ते धरत नाही.

हे काम करणाऱ्याला समाजात मान नव्हता. बायझंटाइन साम्राज्याचा सम्राट पाचवा मायकेल १०४१ च्या डिसेंबरात गादीवर बसला. त्याचा बाप स्टीफन एके काळी गोदीत जहाजांच्या फटी बुजवीत असे. मेव्हणा सम्राट झाल्यामुळे तो नौदलाचा अधिपती झाला. राजधानीच्या लोकांनी मुलाला नाव ठेवले ‘कलाफातीस’, म्हणजे फटी बुजविणारा. चारच महिन्यांत लोकांनी उठाव करून त्याला पदच्युत केले आणि त्याचे डोळे काढले. त्याचे अपराध निराळे होते; पण इतिहासात तो ओळखला जातो तो बापाच्या धंद्याच्या नावाने, आणि तेही टोमणा म्हणून. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील तुरुंगांत आणि गरीबगृहांत जुने दोर पिंजण्याचे काम लोकांना शिक्षेसारखे दिले जाई. बोटांच्या चामड्या सोलून निघत. नाटककार ऑस्कर वाइल्ड यालाही १८९५ साली शिक्षा झाल्यावर हे काम करावे लागले. ज्या साम्राज्याची सत्ता जहाजांवर उभी होती, त्याच्या जहाजांच्या फटींत कैद्यांचे आणि कंगालांचे श्रम भरलेले होते.

समुद्रावरची ही विद्या जमिनीवर आली ती एका नौदलातील डॉक्टराच्या हौसेतून, असे म्हणावयास हरकत नाही. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेला शल्यवैद्य. मुलांसाठी समुद्रकथा लिहिणारा. १८८५ साली त्याने ब्रिस्टल येथील वाघिणींच्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाचे, मॅहॉगनी आणि मेपल लाकडाचे एक फिरते घर बांधवून घेतले आणि दोन घोडे जुंपून दक्षिण इंग्लंडातील ट्वायफर्डहून थेट उत्तरेस इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला. जिप्सी लोक चाकांवरच्या घरात पूर्वीपासून राहत होतेच. केवळ आनंदासाठी असे घर बांधणाऱ्यांत स्टेबल्स हा अगदी पहिल्यांपैकी होय. त्याने त्या घराला ‘जमिनीवरचे गलबत’ असे म्हटले. ती उपमा त्याला वाटली असेल त्याहून खरी होती. अशी घरे घोड्याच्या चालीने चालत, लाकूड लाकडाशी जोडलेले असे, आणि त्यांना जवसाचे तेल व खडूची भुकटी यांची लांबी आणि रंगाचे चार हात पुरत.

मोटार आली आणि हे चित्र पालटले. १९३४ साली हॉली बोलस याने ‘रोड चीफ’ नावाचे ॲल्युमिनियमचे फिरते घर बनविले. लिंडबर्गने ज्या विमानातून १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणाऱ्यांत हा बोलस होता. १९३६ साली वॉली बायम याचे ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ आले; तेही विमानाप्रमाणे पत्रे रिव्हेटांनी जोडून केलेले. १९६० नंतर रे फ्रँक आणि आयोवातील विनेबेगो कंपनी यांच्यामुळे मोटार आणि घर एकाच सांगाड्यावर आले. भिंती आता थरांच्या झाल्या: बाहेर पातळ पत्रा, मध्ये फेस, आत लाकडी फळी. घर हलके झाले, ऊबदार झाले, स्वस्त झाले. त्याबरोबरच ते पाण्याला अधिक भिणारेही झाले.

याची कारणे साध्या हिशेबाने कळतात. सहा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांमधील चाळीस अंशांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटर वाढतो. त्याच लांबीचे लाकूड रेषांच्या दिशेने जेमतेम एक मिलिमीटर. दोघांना एकत्र जखडणारा सांधा रोज या ओढाताणीत सापडतो. त्यात रस्त्याचे हिसके. शिवाय ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावताना गाडीच्या तोंडावर वाऱ्याचा जो दाब पडतो, तो फटीतील पाण्याला साडेचार सेंटिमीटर वर चढवू शकतो. जहाजाच्या फटीतून आलेले पाणी तळाशी दिसते, उपसता येते. इथे ते भिंतीच्या आत जाऊन बसते. लाकडातील पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर राहिले म्हणजे कुजण्याचा धोका सुरू होतो; आतल्या कागदावर डाग उमटतो तेव्हा पुष्कळ वेळा आतली चौकट मऊ झालेली असते.

लांबी येथे निरुपयोगी ठरली; ती वाळून दगडासारखी होते आणि तडकते. हवा होता तो कायम मऊ राहणारा पदार्थ. तो विसाव्या शतकातील रसायनशाळांनी दिला. १९२०च्या दशकात जोसेफ पॅट्रिक हा अमेरिकन रसायनज्ञ मोटारीतील पाणी गोठू नये म्हणून एक द्रव शोधीत होता. हाती आला तो दुर्गंधी, रबरासारखा चिकटा. त्याच जातीच्या पदार्थांनी दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या तेलटाक्या बुजविल्या. १९३७ साली स्पार्क्स आणि टॉमस यांनी ब्यूटिल रबर तयार केले. त्याची पट्टी वर्षानुवर्षे वाळत नाही. पुढे सिलिकोन आणि पॉलियुरेथेन आले.

द्रव्ये बदलली, रीत मात्र गोदीतलीच राहिली. मोटरहोमचा मालक प्रथम खिडकीच्या किंवा छपरावरील झडपेच्या कडेची पट्टी सोडवितो, आणि जुना चिकटा लाकडी वा प्लास्टिकच्या पटाशीने, पत्र्याला ओरखडा न पडू देता, उकरतो. मग स्पिरिटने जागा निर्मळ करतो. या पायरीला कंटाळणाऱ्याचे पुढचे सारे श्रम फुकट जातात. त्यानंतर पट्टीखाली ब्यूटिलची फीत ठेवून स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळावयाचे. कडेने जास्तीचे बाहेर आले म्हणजे आत पोकळी उरली नाही असे समजावयाचे. छपरावरील सांध्यावर आपोआप पसरणारा लेप द्यावयाचा. जाणते लोक येथे सिलिकोन टाळतात, कारण त्याच्यावर पुढे दुसरे काहीच चिकटत नाही. आज बुजविणाराने उद्या उकरणाराचीही सोय पाहावयाची असते. काम वरून खाली न्यावयाचे, आणि पाणी बाहेर पडण्यासाठी खिडकीच्या तळाशी ठेवलेली बारीक छिद्रे मात्र बुजवावयाची नाहीत. प्रत्येक फट शत्रू नसते, हे ज्याला कळले त्याला हे काम कळले.

हे काम पैसे देऊन करवून घेता येते, आणि पुष्कळ जण तसे करतातही. तरी जो ते स्वतः करतो त्याला आपल्या घराचा एकेक सांधा ठाऊक होतो: कोठे पाणी रेंगाळते, कोणता स्क्रू गंजला आहे, कोणती कड पुढल्या वर्षी उचकटणार आहे. पूर्वी हे ज्ञान ज्याच्याजवळ होते त्याला घर नव्हते, आणि ज्याचे जहाज होते त्याला हे ज्ञान नव्हते. कैद्याने दोर पिंजला, कारागिराने तो फटीत ठोकला आणि कप्तान कोरड्या खोलीत निजला. चाकांवरच्या घराने ही तीन माणसे एका माणसात आणली. ज्या धंद्याच्या नावाने एका सम्राटाची टवाळी झाली, तोच धंदा आज डॉक्टर, शिक्षक आणि निवृत्त अधिकारी छपरावर गुडघे टेकून आवडीने करीत आहेत.

पाण्याला मात्र यातले काहीच ठाऊक नाही. रास अल्-जिन्झच्या होडीला त्याने जशी फट शोधली तशीच ते आजच्या पत्र्यालाही शोधते. म्हणून शाकारणी दर वर्षी करावी लागते, होडी दर पावसाळ्यात वर ओढावी लागते, आणि चाकांवरच्या घराच्या मालकाला दर वसंतात शिडी लावून छपरावर चढावे लागते.