स्टेंट मोकळा, तरी छातीत कळ: एका समीकरणाचा इतिहास

स्टेंट बसला, अँजिओग्राफीत रक्तवाहिनी मोकळी दिसते. तरी जिना चढताना छातीत पुन्हा कळ येते. मग खरं काय मानायचं, चित्र की रुग्णाचं म्हणणं? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

१७६८ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेबर्डेन यांनी या दुखण्याला ‘अँजायना पेक्टोरिस’ हे नाव दिलं, तेव्हा ईसीजी नव्हता, एक्स-रे नव्हता. चालताना छाती आवळते, थांबलं की बरं वाटतं, हे रुग्णच सांगत होते. म्हणजे दुखणं आधी ओळखलं गेलं. त्यामागची अरुंद धमनी नंतर कळली.

१९७७ मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची अशी धमनी फुग्याने रुंद केली. पण कित्येकांची धमनी काही महिन्यांत पुन्हा आक्रसायची. म्हणून १९८६ मध्ये झाक प्युएल आणि उलरिश सिगवार्ट यांनी धातूच्या जाळीचा आधार दिला. पुढे त्या जाळीतच पेशी वाढून अडथळा होऊ लागला, तेव्हा जाळीवर औषधाचा लेप आला. फेरअडथळे खूपच घटले. तरी काहींची कळ राहिलीच.

आता बघा, या साऱ्या प्रवासात आपण एक समीकरण गृहीत धरलं होतं: अडथळा म्हणजेच दुखणं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘ऑर्बिटा’ चाचणीने ते तपासलं. स्थिर अँजायनाचे २०० रुग्ण, सगळ्यांना औषधं चालू. काहींना खरा स्टेंट घातला, बाकीच्यांवर नुसता देखावा केला; कोणाला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. सहा आठवड्यांनी व्यायामाच्या क्षमतेत ठोस फरक दिसला नाही. २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’ मध्ये अँजायनाची औषधं थांबवून तुलना झाली, तेव्हा स्टेंटने कळ कमी होते हे दिसलं. पण अनेकांची पूर्ण गेली नाही.

कारण अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात. हृदयाच्या स्नायूतल्या अतिसूक्ष्म वाहिन्यांचा बिघाड दिसत नाही. धमनीला मधूनच येणारा आकडा तपासणीच्या वेळी नसेल, तर तोही निसटतो. म्हणून ‘चित्र स्वच्छ आहे, तुमच्या मनाचे खेळ’ हा निष्कर्ष तर्काला धरून नाही. चित्र एवढंच सांगतं की अमुक ठिकाणी अडथळा नाही. दुखणं नाही, असं ते सांगूच शकत नाही.

हार्ट अटॅकमध्ये स्टेंट प्राण वाचवतो, त्याबद्दल वाद नाही. आणि स्टेंटनंतर कळ नव्याने आली, वाढली किंवा बसल्या जागी येऊन थांबेना, तर इतिहासाची चर्चा बाजूला ठेवून आपण तडक इस्पितळ गाठायचं. एरवीही डॉक्टरांना नीट सांगायचं: कधी येते, कशाने थांबते. हेबर्डेन यांनीही रुग्णांकडून हेच ऐकलं होतं.