स्कोल्ड : इंग्लंडमधील एक शिवी आणि एक गुन्हा

स्कोल्ड : भांडकुदळ, तोंडाळ, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सळो की पळो करून सोडणाऱ्या व्यक्तीसाठी मध्ययुगीन इंग्रजीत रूढ झालेला निंदाव्यंजक शब्द. आरंभी तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होता, पुढे जवळजवळ फक्त बाईलाच चिकटला. मराठीत ‘कजाग’ म्हणताना जो सूर लागतो, तोच याचा सूर. फरक एवढाच की इंग्लंडमध्ये ही शिवी कायद्याच्या दप्तरात शिरली. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या स्थानिक न्यायालयांत ‘स्कोल्ड असणे’ हा आरोप नेमाने नोंदवला जाऊ लागला. कायद्यातून तो औपचारिकपणे काढून टाकला गेला तो १९६७ मध्ये.

शब्दाचे मूळ बहुतेक अभ्यासक जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्काल्ड’ या शब्दात शोधतात. स्काल्ड म्हणजे कवी. राजाच्या पदरी राहून त्याची कीर्ती गाणारा. कवीची कजाग बाई कशी झाली, हे कोडे वाटते तितके अवघड नाही. उत्तरेकडच्या त्या समाजात कवन हे हत्यार होते. चार ओळींच्या निंदेने माणसाची अब्रू जाई, रक्तही सांडे. आइसलँडच्या ‘ग्रागास’ या जुन्या कायदेसंग्रहात दुसऱ्यावर कवन रचण्याबद्दल शिक्षा सांगितलेल्या आहेत. नॉर्स बोलणाऱ्यांनी उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये वस्ती केली, त्यांच्यामागोमाग हा शब्दही आला. बाराव्या शतकात इंग्रजीत तो दिसू लागतो तेव्हा त्याचा अर्थ अर्वाच्य बोलणारा माणूस असा होता. राजाची स्तुती गळून पडली, शिवीगाळ तेवढी उरली.

या वाटेने गेलेला हा एकटाच शब्द नव्हे. आज वेश्येसाठी वापरला जाणारा ‘हार्लट’ तेराव्या शतकात उनाड, भटक्या पुरुषाला उद्देशून वापरत. चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या समनरला, म्हणजे धर्मन्यायालयाच्या समन्स बजावणाऱ्या शिपायाला, हाच शब्द लावला आहे, आणि तोही वरवर कौतुकाने. (विजेता विल्यमची आई आर्लेट हिच्या नावावरून ‘हार्लट’ आला, अशी व्युत्पत्ती सोळाव्या शतकात विल्यम लॅम्बार्डने मांडली होती. ती चविष्ट आहे आणि निखालस चुकीची आहे.) ‘श्रू’ हा आधी दुष्ट पुरुष होता, मग भांडखोर बायको झाला. ‘स्लट’ या शब्दाचे विशेषण चॉसरने वापरले ते एका पुरुषाच्या मळक्या पेहरावासाठी. ‘गॉसिप’ तर मुळात बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले आईबाप. मग बाळंतिणीच्या खोलीत जमणाऱ्या मैत्रिणी, आणि शेवटी त्यांची कुजबुज. मात्र या सगळ्यांत कोर्टाचा शिक्का बसला तो स्कोल्डवर.

तो का बसला, याचे उत्तर शब्दकोशात मिळत नाही, साथीत मिळते. १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, काही अंदाजांनुसार निम्मी माणसे गेली. उरलेल्या मजुरांचे मोल एकाएकी वाढले. ते जास्त मजुरी मागू लागले, जमीनदाराला सोडून शेजारच्या गावी जाऊ लागले, आणि उलट बोलू लागले. १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीपूर्वीच्या दरांवर गोठवण्याचा प्रयत्न झाला. १३७८ मध्ये सरदार आणि बड्या अधिकाऱ्यांविषयी खोट्या वावड्या उठवण्याविरुद्धचा १२७५ चा जुना कायदा पुन्हा बजावण्यात आला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १३८१ मध्ये, शेतकऱ्यांचे बंड थेट लंडनमध्ये घुसले. वरच्या थरातल्या लोकांना खालच्यांच्या जिभेची धास्ती वाटू लागलेला हा काळ. इतिहासकार सँडी बार्डस्ली यांनी २००६ मधल्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की स्कोल्डांवरचे खटले याच दशकांत रूढ झाले. बोलण्यावरचा हा पहारा सगळ्यांसाठी होता. स्कोल्ड म्हणून दंड झालेल्यांत मात्र बायकांची संख्या कितीतरी पट जास्त भरते.

खटला म्हणजे काय होई, हे पाहण्याजोगे आहे. गावोगावी जमीनदाराच्या जहागिरीचे न्यायालय भरे, गावची शांतता पाहणारे ‘लीट’ न्यायालय बहुधा वर्षातून दोनदा. गावातली प्रतिष्ठित पुरुषमंडळी ज्युरी म्हणून बसत आणि मागच्या सहामाहीत कोणी काय आगळीक केली ते सांगत. कोणी पाण्याचा पाट तुंबवला, कोणी पातळ ‘एल’, म्हणजे धान्य आंबवून केलेले मद्य, विकले, कोणी शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावला. त्याच यादीत अमुकची बायको ‘कॉमन स्कोल्ड’ आहे अशी एक ओळ पडे. इथे ‘कॉमन’ म्हणजे सवयीने, सगळ्या गावाला उपद्रव देणारी. ती नेमके काय बोलली, कोणाला बोलली, भांडण कोणी उकरून काढले, यांपैकी काहीही नोंदवायची गरज नसे. लौकिक हाच पुरावा. दंड बहुधा काही पेनींचा, म्हणजे मजुराच्या एकदोन दिवसांच्या कमाईइतका. बाईचे लग्न झालेले असेल तर तो भरायचा नवऱ्याने.

लंडनच्या दप्तरात मात्र एक नोंद थोडी बोलकी आहे. १३७५ मध्ये अ‍ॅलिस शेदर नावाच्या बाईला मेयर आणि आल्डरमन, म्हणजे शहराचे ज्येष्ठ कारभारी, यांच्यापुढे उभे करण्यात आले. तिने शेजाऱ्यांत द्वेष पेरला, कोणाची गय केली नाही, गरीब म्हटले नाही की श्रीमंत म्हटले नाही, अशी तक्रार होती. शिक्षा झाली ती ‘थ्यू’वर एक तास उभे राहण्याची. थ्यू ही बायकांसाठी राखलेली खोडा-टिकटीसारखी चौकट. तिची शिवी कोणती होती हे दप्तर सांगत नाही. श्रीमंतांनाही सोडले नाही, हे मात्र आवर्जून सांगते, आणि तिचा खरा गुन्हा तोच असावा असे वाचताना वाटत राहते.

हे सारे लिहिले जात होते लॅटिनमध्ये. गावकरी इंग्रजीत ‘स्कोल्ड’ म्हणत, कारकून त्याचे ‘गारुलात्रिक्स’, ‘ओब्युर्गात्रिक्स’, ‘लितिगात्रिक्स’, ‘रिक्सात्रिक्स’ करत. लॅटिनमध्ये नामाला लिंग असतेच, आणि ‘-त्रिक्स’ हा प्रत्यय स्त्रीलिंगी. पुल्लिंगी रूपेही होती आणि आरंभीच्या नोंदींत ती अधूनमधून भेटतात. पण भांडखोर पुरुषासाठी कायद्याकडे दुसरा शब्द होता, ‘बॅरेटर’. खोटे दावे लावणारा, दंगेखोर, लोकांना आपापसांत झुंजवणारा. दोघांचाही उपद्रव सारखाच. तरी बॅरेटर म्हटले की कटकटीचा का होईना, व्यवहारात मुरलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. स्कोल्ड म्हटले की नुसती जीभ. सतराशे साठच्या दशकात ब्लॅकस्टनने इंग्लिश कायद्यावरचे प्रसिद्ध भाष्य लिहिले तोवर गोष्ट पक्की झाली होती. ‘कॉम्युनिस रिक्सात्रिक्स’ हा अपराध बाईच करू शकते, कारण कायद्याचे लॅटिनच तो स्त्रीलिंगात ठेवते, असे त्याने नमूद केले आहे. कारकुनाच्या प्रत्ययाने गुन्हेगाराचे लिंग ठरवावे, असे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

धर्माने या कामी आधीच मशागत करून ठेवली होती. गिलॉम पेरो या फ्रेंच डोमिनिकन धर्मगुरूने १२३० च्या दशकात दुर्गुणांवरच्या आपल्या ग्रंथात जिभेची चोवीस पापे मोजली. त्यात देवनिंदा, चहाडी, खुशामत, बढाई, एवढेच काय, अवेळी गप्प बसणेही होते. या पापांना मुळात लिंग नव्हते. इंग्लंडच्या चर्चमधल्या भिंतींवर मात्र चित्र वेगळे दिसते. केंब्रिजशरमधल्या पीकर्क आणि नॉरफोकमधल्या लिटल मेल्टन इथल्या भित्तिचित्रांत चर्चमध्ये बोलत बसलेल्या बायकांच्या मागे सैतान उभे आहेत. ईली कॅथीड्रलमधल्या एका लाकडी आसनाच्या खाली कोरलेल्या दृश्यात सैतान दोघींना कवेत घेऊन बसला आहे. निरक्षर भाविकाला पेरोचे चोवीस प्रकार ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला दर रविवारी दिसायच्या त्या या दोघी.

स्कोल्डच्या शिक्षेशी जोडलेले ‘ककिंग स्टूल’ हे आसन शब्दाहून जुने दिसते. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-महसुलाच्या नोंदवहीत चेस्टर शहराच्या रिवाजांमध्ये ‘शेणाच्या खुर्ची’चा उल्लेख आहे. तिच्यावर बसवायचे ते खराब एल गाळणाऱ्याला, नाहीतर त्याने चार शिलिंग दंड भरायचा. म्हणजे ही आधी बाजारातल्या लबाडीची शिक्षा होती. पण एल गाळणाऱ्या बहुतांशी बायकाच असत. इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांनी दाखवल्याप्रमाणे साथीपूर्वी हा घरगुती धंदा मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती होता. पुढे हॉप घातलेली, जास्त टिकणारी बिअर आली, मोठ्या भांडवलाची गरज पडू लागली, आणि धंदा पुरुषांकडे सरकला. एल विकणारी बाई तेवढी लबाड आणि तोंडाळ म्हणून थट्टेचा विषय होऊन राहिली. चेस्टरच्या धर्मनाट्यात ख्रिस्त नरकातून सगळ्यांना सोडवून नेतो आणि मागे उरते ती एक एलवाली. खुर्ची बाजारातून स्कोल्डकडे सरकली तीही याच सुमारास.

याच नाट्यमालेत नोहाची बायको आहे. चेस्टरमध्ये हा प्रवेश डी नदीचे पाणी वाहून आणणाऱ्यांची श्रेणी करत असे. प्रलय येऊन ठेपलेला असताना ती तारूत चढायला तयार नाही, कारण तिच्या मैत्रिणींना वर घेत नाहीत. शेवटी मुलगे तिला उचलून आत नेतात आणि ती नवऱ्याला एक ठेवून देते. प्रेक्षक हसत असणार. पण सगळा शेजार बुडणार आहे हे ऐकून जिने पाय मागे घेतला, तिलाच कजाग ठरवणारी ही संहिता आजच्या वाचकाला जरा वेगळी लागते.

एक समजूत इथेच दुरुस्त केलेली बरी. लोखंडी पिंजऱ्यासारखा मुखवटा, त्यातली जीभ दाबणारी पट्टी, आणि दोरी लावून रस्त्यातून फिरवली जाणारी बाई, हे चित्र ‘मध्ययुगीन’ म्हणून संग्रहालयांत दाखवले जाते. हा ‘स्कोल्डचा लगाम’ स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकात आणि इंग्लंडमध्ये प्रामुख्याने सतराव्या शतकात दिसतो. न्यूकॅसलमध्ये अ‍ॅन बिडलस्टन हिला असे फिरवल्याचा वृत्तान्त राल्फ गार्डिनरने १६५५ मध्ये चित्रासह छापला. खुर्चीला लांब दांडा लावून बाईला तळ्यात बुचकळण्याची प्रथाही ऐन भरात आली ती मध्ययुग सरल्यावर. मध्ययुगाने बहुतेक वेळा स्कोल्डकडून चार पेनी घेतले आणि तिला घरी पाठवले. क्रूरता वाढवली ती त्यानंतरच्या, स्वतःला सुधारलेल्या म्हणवणाऱ्या शतकांनी.

ती का वाढली यावर अभ्यासकांत वाद आहे. डेव्हिड अंडरडाउन यांनी १९८५ मध्ये मांडले की १५६० ते १६४० या काळात घरातली सत्ताव्यवस्था डळमळल्याची भीती समाजात पसरली होती आणि स्कोल्डांवरचा रोख हे तिचे लक्षण होय. मार्टिन इंग्रम यांनी हे चित्र अतिरंजित असल्याचे म्हटले. मार्जरी मॅकिंटॉश यांनी शेकडो स्थानिक न्यायालयांची दप्तरे चाळून खटल्यांची पहिली लाट चौदाव्या-पंधराव्या शतकांत होती हे समोर आणले. तेव्हा अंडरडाउन यांचे ‘संकट’ एकदाच कोसळलेले नव्हते, एवढे तरी मानावे लागते.

आरोपाचे उत्तरायुष्य लांबलचक आहे. १७०४ मध्ये केंटमधल्या एका बाईच्या प्रकरणात सरन्यायाधीश होल्ट यांनी, पाण्यात बुचकळल्याने ती सुधारण्याऐवजी जन्मभर भांडत राहील, असा शेरा मारल्याचे वार्तांकनात आढळते. १८०९ मध्ये हेरफर्डशरमधल्या लेमस्टर इथे जेनी पाइप्सला बुचकळण्यात आले. १८१७ मध्ये तिथेच सारा लीकला खुर्चीत बसवून तळ्यावर नेले, पण पाणी फारच कमी निघाले. ते आसन तिथल्या प्रायरी चर्चमध्ये आजही ठेवलेले आहे.

इंग्लिश कायद्याबरोबर गुन्हा अमेरिकेतही गेला. १८२९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पत्रकार आणि लेखिका अ‍ॅन रॉयल यांना कॉमन स्कोल्ड म्हणून दोषी ठरवण्यात आले. युद्धमंत्री जॉन ईटन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. न्यायालयाने बुचकळणे टाळून दहा डॉलर दंड केला, आणि तो वार्ताहरांनी भरला.

ब्रिटिश संसदेने १९६७ च्या फौजदारी कायद्याने काही जुनाट गुन्हे एका फटक्यात रद्द केले. त्या यादीत चोरून ऐकणारा, रात्री भटकणारा, बॅरेटर आणि स्कोल्ड एकाच वाक्यात सापडतात. न्यू जर्सीत हा आरोप त्यानंतरही एकदा लावला गेला. १९७२ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी, केवळ स्त्रियाच करू शकतील असा गुन्हा समान संरक्षणाच्या घटनात्मक हमीत बसत नाही, असे म्हणून तो फेटाळला.