परिमाण टोकन

परिमाण टोकन किंवा डायमेन्शन टोकन म्हणजे संकेतस्थळे व मोबाइल ॲप यांच्या दृश्य रचनेत वारंवार लागणाऱ्या एखाद्या मापाला दिलेले ठरावीक नाव होय. या नावाखाली एक संख्या आणि तिचे एकक अशी जोडी साठवलेली असते. उदाहरणार्थ, ‘मध्यम अंतर’ या नावाखाली १६ पिक्सेल. अक्षरांचा आकार, दोन घटकांमधील मोकळी जागा, बटणाची उंची, चौकटीच्या रेषेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई अशी लांबीवाचक मापे परिमाण टोकनांत ठेवली जातात. रंग, टंक, कालावधी इत्यादींसाठीही अशीच टोकने असतात. या सर्वांना मिळून डिझाइन टोकन असे म्हणतात.

एखादे माप शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिण्याऐवजी ते एकाच ठिकाणी नोंदवून सर्वत्र त्याचे नाव वापरणे, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. माप बदलायचे झाल्यास एकच नोंद बदलावी लागते. मात्र लांबीच्या मापात संख्येइतकेच एककही महत्त्वाचे असते. माप पडद्याशी बांधलेले राहणार की वाचकाने निवडलेल्या अक्षर-आकाराबरोबर बदलणार, हे एककावरूनच ठरते.

## पार्श्वभूमी

मापांची ठरावीक मालिका करून ती पुन्हा पुन्हा वापरण्याची प्रथा मुद्रणव्यवसायात जुनी आहे. फ्रान्समधील खिळे ओतणारे कारागीर प्येर-सिमाँ फूर्निये यांनी १७३७ मध्ये खिळ्यांच्या आकारांचे कोष्टक प्रसिद्ध केले व त्यासाठी पॉइंट हे एकक वापरले. पुढे फ्रांस्वा-आंब्रवाज दीदो यांनी ही पद्धत तत्कालीन फ्रेंच इंचाशी जोडली. संगणकीय मुद्रणात आज रूढ असलेला पॉइंट इंचाच्या १/७२ इतका आहे.

संगणकाच्या पडद्यावर ही गरज नव्या रूपात उभी राहिली. एकच उत्पादन संकेतस्थळ, अँड्रॉइड व आयओएस अशा वेगवेगळ्या मंचांवर चालू लागले आणि प्रत्येक मंचाची एकके व संगणकीय भाषा निराळी होती. सेल्सफोर्स या कंपनीच्या लाइटनिंग डिझाइन सिस्टिमवर काम करणाऱ्या गटाने २०१४ च्या सुमारास अशा सामायिक मूल्यांसाठी ‘डिझाइन टोकन’ ही संज्ञा रूढ केली. या गटातील जीना ॲन यांचे नाव या संज्ञेशी विशेषत्वाने जोडले जाते. याच कंपनीने टोकनांचे रूपांतर करणारे थिओ हे साधन खुले केले. त्यानंतर ॲमेझॉनचे स्टाइल डिक्शनरी हे साधन आले.

प्रत्येक साधनाची लिहिण्याची पद्धत वेगळी असल्याने समान स्वरूप ठरवण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या छत्राखाली २०१९ मध्ये डिझाइन टोकन समुदाय गट स्थापन झाला. या गटाच्या विनिर्देशाची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाली. हा समुदाय गटाचा अहवाल असून कन्सॉर्शियमचे अधिकृत मानक नव्हे.

## स्वरूप

समुदाय गटाच्या विनिर्देशानुसार टोकने जेसन स्वरूपाच्या धारिकेत लिहिली जातात. परिमाण टोकनात नाव, प्रकार आणि मूल्य यांची नोंद असते. सुरुवातीच्या मसुद्यांत मूल्य व एकक एकाच अक्षरमालिकेत सलग लिहिले जात असे. नंतरच्या स्वरूपात संख्या व एकक या दोन वेगळ्या नोंदी करण्यात आल्या. त्यामुळे वाचणाऱ्या साधनाला अक्षरमालिका तोडून संख्या वेगळी काढावी लागत नाही आणि एकक लिहायचे राहून गेल्यास चूक लगेच उघड होते.

या स्वरूपात परिमाणासाठी पिक्सेल व रेम ही दोनच एकके ग्राह्य आहेत. मूल्य शून्य असले तरी एकक द्यावे लागते. कालावधी हा वेगळा प्रकार असून त्याची एकके सेकंद व मिलिसेकंद ही आहेत. ज्या मूल्याला एकक नसते, उदाहरणार्थ ओळींच्या उंचीचे अक्षर-आकाराशी असलेले गुणोत्तर, ते ‘संख्या’ या स्वतंत्र प्रकारात लिहिले जाते.

## एकके

* पिक्सेल – सीएसएसमधील पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा प्रत्यक्ष ठिपका नव्हे. ते इंचाच्या १/९६ इतके ठरवलेले प्रमाणित एकक आहे. दाट ठिपक्यांच्या पडद्यावर सीएसएसचा एक पिक्सेल दोन किंवा तीन प्रत्यक्ष ठिपक्यांच्या रुंदीचा असू शकतो.
* रेम – पानाच्या मूळ घटकाच्या अक्षर-आकाराची पट. बहुतेक ब्राउझरांत हा आकार आरंभी १६ पिक्सेल असतो. वाचकाला तो बदलता येतो.
* एम – ज्या घटकाला माप लावले आहे, त्याच्या स्वतःच्या अक्षर-आकाराची पट. एकाच टोकनाचे फळ जागेनुसार बदलत असल्याने सामायिक टोकनांसाठी हे एकक गैरसोयीचे ठरते.
* डीपी – अँड्रॉइडवरील घनतानिरपेक्ष एकक. दर इंचाला १६० ठिपके असलेल्या पडद्यावर १ डीपी म्हणजे १ ठिपका.
* एसपी – डीपीसारखेच, परंतु वापरकर्त्याने निवडलेल्या अक्षर-आकाराबरोबर बदलणारे एकक. ते मजकुरासाठी वापरतात.
* पॉइंट – आयओएसवरील घनतानिरपेक्ष एकक. मुद्रणातील पॉइंटशी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे.

अँड्रॉइडवर १६ डीपी हे एकच माप वेगवेगळ्या पडद्यांवर पुढीलप्रमाणे उमटते.

| पडद्याची घनता (दर इंचाला ठिपके) | १६ डीपीसाठी लागणारे ठिपके |
|---|---|
| १६० | १६ |
| २४० | २४ |
| ३२० | ३२ |
| ४८० | ४८ |

## एकक निवडण्याचे परिणाम

एककाविना संख्या किती घातक ठरू शकते, याचे अभियांत्रिकीतील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान. भूकेंद्रावरील आज्ञावलीने आवेगाची आकडेवारी पौंड-बल-सेकंदांत दिली होती. ती न्यूटन-सेकंदांत आहे असे पुढील गणितात गृहीत धरले गेले. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचे अंतर आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी हे यान मंगळाजवळ नष्ट झाले.

दृश्य रचनेत चुकीच्या एककाचा परिणाम इतका नाट्यमय नसतो. तो वाचकाच्या रोजच्या गैरसोयीत दिसतो. मजकुराचा आकार २० पिक्सेल असा ठेवला आणि कमी दिसणाऱ्या वाचकाने ब्राउझरमधील मूळ अक्षर-आकार १६ वरून २४ पिक्सेल केला, तरी तो मजकूर २० पिक्सेलच राहतो. तोच आकार १.२५ रेम असा नोंदवला असेल, तर पहिल्या स्थितीत तो २० आणि दुसऱ्या स्थितीत ३० पिक्सेल होतो. आरंभी दोन्ही टोकने पडद्यावर सारखीच दिसतात. म्हणून रचनाकाराच्या स्वतःच्या संगणकावर ही चूक लक्षात येत नाही. पान मोठे करून पाहण्याची झूम सुविधा पिक्सेलमधील मापांनाही लागू होते. मूळ अक्षर-आकाराची निवड मात्र होत नाही.

याउलट, सर्वच मापे रेममध्ये ठेवणेही सोयीचे नसते. अक्षरांबरोबर समासही वाढत गेल्यास अरुंद पडद्यावर मजकुराला जागा उरत नाही. त्यामुळे अक्षरांचे आकार रेममध्ये आणि रेषांची जाडी पिक्सेलमध्ये ठेवण्याचा प्रघात आहे. मोकळ्या जागेचे एकक तिच्या कामानुसार ठरवतात.

## टोकनांचे स्तर

मोठ्या रचनाप्रणालींत टोकने साधारणतः तीन स्तरांत मांडली जातात.

1. मूळ टोकने – उपलब्ध मापांची मालिका. उदाहरणार्थ ४, ८, १२, १६, २४, ३२ व ४८ पिक्सेल.
2. अर्थदर्शक टोकने – मापाचा हेतू सांगणारी. उदाहरणार्थ ‘परिच्छेदांमधील अंतर’. यांत संख्या न लिहिता मूळ टोकनाचा निर्देश केलेला असतो.
3. घटक टोकने – एका विशिष्ट घटकापुरती. उदाहरणार्थ ‘बटणाच्या आतील आडवा समास’.

हेतूवरून दिलेले नाव दीर्घकाळ उपयोगी पडते. ‘अंतर-१६’ असे नाव दिले आणि पुढे माप २० झाले, तर नाव खोटे ठरते किंवा ते नाव वापरलेल्या सर्व जागा बदलाव्या लागतात. ‘परिच्छेदांमधील अंतर’ या नावावर त्याचा परिणाम होत नाही. शिवाय एकाच संख्येची दोन मापे दोन वेगळ्या कारणांनी ठरलेली असू शकतात. परिच्छेदांमधील अंतर १६ वरून २० करताना योगायोगाने १६ असलेली चिन्हाची रुंदीही बदलली जाऊ नये, यासाठी अर्थदर्शक स्तर उपयोगी पडतो.

## रूपांतरण व वापर

टोकनांची धारिका ब्राउझर किंवा फोन थेट वाचत नाही. रूपांतर करणारे साधन तिच्यावरून प्रत्येक मंचासाठी योग्य धारिका तयार करते. विनिर्देशातील पिक्सेल हे आदर्श एकक मानलेले असल्याने ते अँड्रॉइडवर डीपी आणि आयओएसवर पॉइंट असे रूपांतरित होते; अँड्रॉइडवर १ रेमचे १६ एसपी होतात.

संकेतस्थळावर टोकने बहुधा सीएसएसच्या स्वनिर्मित गुणधर्मांच्या रूपाने वापरली जातात. तेथे एककासंबंधी पुढील बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

* एकक नसलेल्या संख्येपुढे ते नुसते जोडून लांबी तयार होत नाही. त्या संख्येला गणनफलनात १ पिक्सेलने किंवा १ रेमने गुणावे लागते.
* सीएसएसमध्ये शून्य लांबी एककाविना लिहिता येते. परंतु गणनफलनात एककाविना शून्य आणि १० पिक्सेल यांची बेरीज अवैध ठरते. शून्याच्या टोकनालाही एकक देण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.
* पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या मीडिया क्वेरीच्या अटीत स्वनिर्मित गुणधर्म चालत नाहीत. अशा मापांची मूल्ये रूपांतराच्या वेळीच प्रत्यक्ष भरावी लागतात.
* साध्या स्वनिर्मित गुणधर्मात कोणताही मजकूर साठवता येतो. तो लांबी आहे की नाही, हे ब्राउझर तपासत नाही. गुणधर्माचा प्रकार ‘लांबी’ असा नोंदवण्याची सोय जुलै २०२४ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे.

## सुलभता

काही परिमाणांच्या किमान मर्यादा वेब आशय सुलभता मार्गदर्शक तत्त्वांत दिलेल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.२ या आवृत्तीत, काही अपवाद वगळता, बोटाने किंवा माउसने दाबण्याचे लक्ष्य ‘एए’ या पातळीसाठी किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल आणि ‘एएए’ या पातळीसाठी किमान ४४ × ४४ सीएसएस पिक्सेल असावे, असे म्हटले आहे. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात हे माप ४८ × ४८ डीपी असे सुचवलेले आहे. ही मर्यादा एका टोकनात नोंदवून सर्व बटणांना लावल्यास हात थरथरणाऱ्या किंवा बोटांच्या हालचालीवर पुरेसे नियंत्रण नसलेल्या व्यक्तींची सोय प्रत्येक पानावर सारखीच राखली जाते.

## देवनागरी मजकूर

रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून निश्चित केलेली उभी मापे देवनागरीला अनेकदा अपुरी पडतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार येतात, तर अक्षराखाली उकार व जोडाक्षरांचे भाग येतात. ‘विद्यार्थ्यांना’ या शब्दातील रफार व अनुस्वार किंवा ‘बुद्धू’ या शब्दातील जोडाक्षराखालचा ऊकार कमी उंचीच्या ओळीत शेजारच्या ओळीला भिडतो. उंची पक्की बांधलेल्या बटणात तो कापलाही जाऊ शकतो.

ओळीची उंची एककासह दिल्यास आणखी एक अडचण उद्भवते. १६ पिक्सेलच्या मजकुरासाठी २४ पिक्सेल ही उंची ठरवली आणि तीच आतील ३२ पिक्सेलच्या शीर्षकाकडे वारशाने गेली, तर शीर्षकाच्या ओळी एकमेकींवर चढतात. तीच उंची १.५ अशी एककाविना दिल्यास शीर्षकासाठी ती आपोआप ४८ पिक्सेल होते. म्हणून ओळीच्या उंचीसाठी परिमाण टोकनाऐवजी संख्या टोकन वापरणे इष्ट ठरते. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तेथे त्याच नावाच्या टोकनाला अधिक मूल्य देता येते. त्यामुळे द्विभाषिक संकेतस्थळावर घटकांची रचना पुन्हा लिहावी लागत नाही.

## मर्यादा

विनिर्देशात दोनच एकके असल्याने टक्केवारी किंवा पडद्याच्या रुंदीशी निगडित मापे या प्रकारात मांडता येत नाहीत. रचनाकार वापरत असलेल्या साधनांतही एकक नेहमी टिकून राहत नाही. फिग्मा या साधनात २०२३ मध्ये आलेल्या व्हेरिएबल सुविधेत संख्या एककाविना साठवली जाते. ती संकेतात आणताना एकक वेगळे ठरवावे लागते. टोकनांची संख्या फार वाढल्यास योग्य नाव शोधणे कठीण होते आणि काम करणारे पुन्हा थेट संख्या लिहू लागतात. तसेच चुकीचे एकक टोकनात नोंदवले गेले, तर ती चूक त्या टोकनाच्या प्रत्येक वापरात पोहोचते. दुरुस्ती मात्र एकाच ठिकाणी करावी लागते.