‘ब्लॅक स्वान’ : भांडण सिनेमाचं होतं की शरीराचं?

पोस्ट लांब आहे आणि तिच्यात ‘ब्लॅक स्वान’चा शेवट सांगितलेला आहे. २०१० च्या सिनेमाचा शेवट सांगितला म्हणून कुणी रागावू नये, पण ज्यांना पाहायचाय त्यांनी आधी पाहून घ्या. पोस्ट कुठे पळून जात नाही.

ज्यांनी पाहिला नाही आणि पाहणारही नाहीत त्यांच्यासाठी चार ओळींत गोष्ट. न्यूयॉर्कमधली एक बॅले कंपनी. तिथे ‘स्वान लेक’ नव्याने बसवतायत. नायिका नीना (नॅटली पोर्टमन) हिला मुख्य भूमिका मिळते. भूमिका दुहेरी असते. पांढरी हंसिणी निष्पाप, काळी कपटी आणि मोहात पाडणारी. नीनाला पांढरी जमते, काळी जमत नाही. दिग्दर्शक तिला घाणेरड्या पद्धतीने ‘मोकळी’ करू पाहतो, घरी आई श्वास घेऊ देत नाही, कंपनीत लिली नावाची नवी मुलगी येते आणि नीनाला भास व्हायला लागतात. शेवटी लिलीला भोसकलं असं वाटतं तेव्हा तिने स्वतःलाच भोसकलेलं असतं. त्याच जखमेनिशी ती पूर्ण नाचते आणि आपण परिपूर्ण नाचलो या समाधानात पडते.

आता ऑगस्ट २०१० आठवा. ट्रेलर आला. त्यात लाल डोळे होते, नखं होती आणि नर्तिकेच्या पाठीतून ओढून काढलेलं काळं पिसाचं टोक होतं. बॅलेवरच्या सिनेमाचा असा ट्रेलर कुणी पाहिला नव्हता. डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्कीचा चाहतावर्ग वेगळ्या कारणाने वाट बघत होता. ‘द रेसलर’ला २००८ मध्ये व्हेनिसचा गोल्डन लायन मिळालेला, आणि कुस्तीवाला आणि नर्तिका हे एकाच विषयाचे दोन सिनेमे आहेत असं तो स्वतःच सांगत होता. एक कला लोक खालची मानतात, दुसरी वरची, आणि दोन्हीकडे माणूस आपलं शरीर झिजवतो. मला आजही हे त्याचं सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं. सिनेमाभर त्याला ते सांभाळता आलं का, हा वेगळा प्रश्न.

१ सप्टेंबरला व्हेनिस महोत्सवाचं उद्घाटन याच सिनेमाने झालं. (जपानी दिग्दर्शक सातोशी कॉन आदल्याच आठवड्यात, २४ ऑगस्टला गेला. त्याच्या १९९७ च्या ‘परफेक्ट ब्लू’शी या सिनेमाचं साम्य दाखवून वाद घालणारे आजही थकलेले नाहीत.) ३ डिसेंबरला अमेरिकेत फक्त १८ थिएटरांत लागला. सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरचा सिनेमा, जगभरात ३२ कोटींच्या वर कमावून गेला. ऑस्करला पाच नामांकनं, पोर्टमनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं.

पण बॅलेवाले वाट बघत होते ती धास्तीने. चित्रीकरणाच्या आधीपासूनच त्या दुनियेने अ‍ॅरोनॉफ्स्कीला फारसं दारात उभं केलं नव्हतं, ही तक्रार त्याने नंतर उघड केली. सिनेमा आला आणि धास्ती खरी ठरली असं बऱ्याच नर्तिकांना वाटलं. वेडी नर्तिका, लंपट दिग्दर्शक, मुलीत स्वतःचं अर्धं राहिलेलं आयुष्य जगणारी आई, बाथरूममधली उलटी. सगळे साचे एकाच पिशवीत. वर पोर्टमन बहुतेक वेळा कमरेच्या वर दिसते, पाय क्वचित. त्यांचं म्हणणं असं की आम्ही रोज सकाळी बारला धरून दीड तास घाम गाळतो, त्यातला आनंद कुठे आहे?

दुसरा गट म्हणाला, अहो पण ते आवाज ऐका. बोटं मोडल्याचा आवाज, सांध्यांची कटकट, लाकडी जमिनीवर बुटांची ठकठक. नवे पॉइंट शूज तयार करण्याचं दृश्य तर अगदी खरं आहे. त्या बुटाचं टोक लाकडाचं नसतं, कापड आणि कागदाचे थर गोंदाने कडक केलेले असतात. नर्तिका नवा जोड घेऊन आधी त्याचा तळ वाकवते, सुरीने ओरखडे काढते, टोक आपटून मऊ करते, फिती शिवते. मोठ्या भूमिकेत एका प्रयोगात एक जोड संपतो, कधी जास्तही. हे सगळं सिनेमाने इतक्या जवळून दाखवलं की नाचणाऱ्यांपैकी काहींना आपलीच बॅग उघडल्यासारखं झालं.

आणि सामान्य प्रेक्षक? अर्धे थरारले, अर्धे हसले. पाय उलटे मोडून पक्ष्यासारखे होतात त्या दृश्यात हसू येणं साहजिक आहे, मलाही आलं. हा सिनेमा भयपट आहे की मानसशास्त्र की निव्वळ भडक मेलोड्रामा, यावर समीक्षकांचं एकमत झालं नाही. माझ्या मते तिन्ही आहे, आणि ते त्याचं बळच आहे.

थोडं मागे जाऊ या, कारण ज्या ‘स्वान लेक’च्या पावित्र्यासाठी लोक भांडत होते त्याचा जन्मच वादात झालाय. १८७७ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोयमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा चायकोव्हस्कीचं संगीत बॅलेसाठी फार अवघड आहे अशी टीका झाली. नृत्यरचनाही फिकी होती. एका नर्तिकेने तर स्वतःच्या नाचासाठी दुसऱ्याच संगीतकाराकडून तुकडा आणवला, आणि चायकोव्हस्कीला धावाधाव करून त्याच पावलांवर बसणारं स्वतःचं संगीत लिहून द्यावं लागलं. तो १८९३ मध्ये गेला. आज जगभर जे ‘स्वान लेक’ चालतं ते १८९५ चं, सेंट पीटर्सबर्गचं, पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी बसवलेलं. त्याने ते पाहिलंच नाही.

त्या १८९५ च्या प्रयोगात पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने एका पायाच्या बोटांवर उभं राहून सलग ३२ गिरक्या घेतल्या. तेव्हा ती तिची खासियत होती, आज ती परीक्षा आहे. बत्तीस झाल्या नाहीत तर प्रेक्षक मोजतात, समीक्षक लिहितात. आणि गंमत म्हणजे ओडीलचा तो काळा पोशाखसुद्धा मूळचा नाही, बराच नंतर रुळला. म्हणजे ज्याला आपण ‘परंपरा’ म्हणतो त्यातला अर्धा भाग नंतरच्या लोकांनी शिवलेला.

सिनेमाच्या बाबतीतही हे आधी घडून गेलंय. १९४८ चा ‘द रेड शूज’, पॉवेल आणि प्रेसबर्गरचा. तिथेही नर्तिका, हुकूमशहा संचालक, शेवटी मृत्यू. मोइरा शिअरर ही खरी बॅलेरिना, ती बरेच दिवस काम करायला तयारच नव्हती. पैसे घालणाऱ्या रँक कंपनीचा सिनेमावर इतका विश्वास नव्हता की इंग्लंडमध्ये तो धडपणे लावलाही नाही. मग न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या थिएटरात तो दोन वर्षांहून जास्त चालला, आणि तो पाहून पोरींच्या झुंडी बॅलेच्या क्लासला गेल्या. नर्तिका मरते असा सिनेमा पाहून! याचा अर्थ मला अजून नीट लावता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘ब्लॅक स्वान’ थिएटरात येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी न्यूयॉर्कमध्येच खरंखुरं भांडण पेटलेलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सचा नृत्यसमीक्षक अ‍ॅलिस्टर मॅकॉले याने न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या ‘नटक्रॅकर’वर लिहिताना शुगर प्लम परीचं काम करणाऱ्या जेनिफर रिंगरच्या वजनावर टोमणा मारला. शुगर प्लम ही मिठाई, तेव्हा हिने एक जास्तच खाल्ली असावी, अशा अर्थाचा. लोक खवळले. कारण रिंगरला तरुणपणी खाण्याचा विकार झाला होता, त्यापायी तिने कंपनी सोडली होती आणि बरी होऊन ती परत आली होती. हे तिने स्वतः लपवलेलं नव्हतं.

मॅकॉले मागे हटला नाही. बॅलेत शरीर हेच माध्यम आहे, तेव्हा शरीरावर बोलणार, असं त्याचं म्हणणं. रिंगर टीव्हीवर आली आणि शांतपणे म्हणाली की मला माफी नको. रंगमंचावर उभी राहते म्हणजे टीकेला उभी राहते. ती मुलाखत पाहताना मला तिचं कौतुकही वाटलं आणि वाईटही. इतकं समंजस होण्याची किंमत तिने आधीच भरलेली होती ना.

आणि हे काही एकटीचं नाही. गेल्सी कर्कलंडने १९८६ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की बालनशीनने तिच्या छातीच्या हाडांवर टकटक करून हाडं दिसायला हवीत असं सुनावलं होतं. १९९७ मध्ये बॉस्टन बॅलेमधल्या २२ वर्षांच्या एका नर्तिकेचा मृत्यू झाला आणि वजन कमी करायला कंपनीने किती भाग पाडलं यावरून मोठा वाद झाला. ही सगळी माहिती सिनेमा येण्याआधी छापील होती. कुणालाही वाचता येत होती.

मग ‘ब्लॅक स्वान’ने यातलं काय केलं? सगळं उचललं आणि नीनाच्या डोक्यात नेऊन ठेवलं. माझी तक्रार इथे आहे, आणि ती बॅलेवाल्यांच्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. ते म्हणाले, सिनेमाने आम्हाला फार वाईट दाखवलं. मी म्हणतो, संस्थेला फार स्वस्तात सोडलं. दिग्दर्शक चावट आहे, पण त्याला कंपनीत कुणी जाब विचारत नाही, आणि कुणी का विचारत नाही हे सिनेमालाही विचारावंसं वाटत नाही. पगार किती, दुखापत झाली तर काय, म्हातारी नर्तिका (विनोना रायडरची बेथ, म्हातारी म्हणजे चाळिशीच्या आत!) हाकलली जाते तेव्हा तिच्या हातात काय पडतं, काहीच नाही. मुलगी वेडी होती, संपलं. हे सगळ्यांनाच सोयीचं आहे.

आणि मग जे झालं ते पटकथेत लिहिलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. पोर्टमनला ऑस्कर मिळून महिना झाला नाही तोच, मार्च २०११ मध्ये, सारा लेन पुढे आली. अमेरिकन बॅले थिएटरची सोलोइस्ट, पोर्टमनची बॉडी डबल. ती म्हणाली, पूर्ण शरीर दिसतं अशा नाचाच्या दृश्यांत पोर्टमन पाच टक्के असेल, बाकी मी; आणि ऑस्कर होईपर्यंत याबद्दल बोलू नका असं मला सांगण्यात आलं होतं. दिग्दर्शकाने लगेच हिशेब मांडला. नाचाचे १३९ शॉट, त्यातले १११ पोर्टमनचे, २८ लेनचे. नृत्यदिग्दर्शक बेंजामिन मिलपिए म्हणाला ८५ टक्के पोर्टमन.

दोघांचा हिशेब एकाच वेळी खरा असू शकतो, हे लोकांच्या लक्षात आलं नाही. एक जण सगळे शॉट मोजतोय ज्यात चेहरा, हात, खांदे आहेत. दुसरी फक्त पाय दिसणारे मोजतेय. पोर्टमनने वर्षभर शिक्षक लावून घाम गाळला, सुमारे नऊ किलो वजन उतरवलं, ते खोटं नाही. पण वर्षभरात कुणी बॅलेरिना होत नाही. लेनचं दुखणं हेच होतं. लहानपणापासून घातलेली वर्षं ‘दीड वर्षात हिने शिकून टाकलं’ या जाहिरातीत पुसली गेली. ऑस्करच्या भाषणात पोर्टमनने आपल्या शिक्षकांची नावं एकेक करून घेतली. लेनचं नाव त्यात नव्हतं.

दोन वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, मॉस्कोत बोल्शोयचा कलासंचालक सर्गेई फिलीन याच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकलं गेलं. त्याच्या डोळ्यांचं फार नुकसान झालं. कट करणारा कंपनीचाच प्रमुख नर्तक पावेल दिमित्रिचेन्को निघाला, सहा वर्षांची शिक्षा झाली. साहजिकच सगळीकडे ‘खरा ब्लॅक स्वान’ असे मथळे आले. पण खटल्यात जे बाहेर आलं ते भास नव्हते. भूमिका कुणाला, बोनस कुणाला, कुणाची माणसं कोण, हे होतं. त्याच्या जोडीदार नर्तिकेला ‘स्वान लेक’मधली मुख्य भूमिका मिळत नव्हती, असंही तेव्हा छापून आलं.

आपल्याकडे बॅलेवरून असं भांडण झालं नाही, कारण बदनाम व्हायला तशी मोठी संस्थाच नाही. २०२० मध्ये सूनी तारापोरवालाचा ‘ये बॅले’ आला, मुंबईच्या साध्या घरांतल्या दोन पोरांची आणि येहुदा माओर या शिक्षकाची खरी गोष्ट. तिथे बॅले म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा. आपल्या प्रेक्षकांनी ती प्रेमाने पाहिली. त्यातल्या मनीष चौहानने पडद्यावरही स्वतःचंच काम केलं. त्याला डबल लागला नाही.

सारा लेनला पुढे २०१७ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरने प्रिन्सिपल डान्सर केलं. सिनेमानंतर सात वर्षांनी.