पेस्ट कंट्रोलच्या परवान्याला मुदत का असते?

वायूची धुरी देऊन कीड मारण्याची पद्धत अमेरिकेत फळबागांमधून आली. 1886 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा खवले किडीने हैराण झाल्या होत्या. तेव्हा कीटकशास्त्रज्ञ डी. डब्ल्यू. कॉक्विलेट यांनी झाडावर तंबू ताणून आत हायड्रोजन सायनाइड सोडण्याचा प्रयोग केला. पुढे ढेकूण आणि वाळवी मारण्यासाठी हा जहाल वायू राहत्या घरांतही वापरला जाऊ लागला. लाकडी घरे आणि वाळवीचा कायमचा उपद्रव यांमुळे त्या राज्यात हा धंदा जोरात चालला. औषध मारणाऱ्याला विषाचे ज्ञान आहे की नाही, हे मात्र घरमालकाला कळायला मार्ग नव्हता.

कॅलिफोर्नियाने 1935 मध्ये या धंद्यासाठी स्वतंत्र परवाना मंडळ स्थापन केले. त्याचे परवाने आज तीन शाखांत विभागलेले आहेत: वायूची धुरी, घरातील सर्वसाधारण कीड, आणि लाकूड पोखरणारी कीड व बुरशी. व्यक्तीच्या पायऱ्याही तीन आहेत. पहिल्या पायरीवरचा माणूस औषध मारतो, दुसऱ्या पायरीवरचा घराची तपासणी करून खर्चाचा अंदाज देऊ शकतो आणि तिसऱ्या पायरीचा परवानाधारक कंपनीच्या कामाची जबाबदारी घेऊ शकतो.

केंद्रीय पातळीवर पाहिल्यास 1910 आणि 1947 च्या कायद्यांचा भर मुख्यतः डब्यातल्या मालावर होता. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ 1962 मध्ये प्रसिद्ध झाले आणि कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर देशभर वाद पेटला. 1970 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली. 1972 च्या दुरुस्तीने अधिक घातक कीटकनाशके ‘मर्यादित वापरा’च्या वर्गात टाकली. ती प्रमाणित व्यक्तीनेच किंवा तिच्या देखरेखीखाली वापरावीत, असा दंडक घातला.

एकदा परीक्षा दिली की जन्माचे काम झाले, असे या धंद्यात चालत नाही, कारण विषांची यादीच बदलत राहते. वाळवीवर कित्येक वर्षे हमखास वापरले जाणारे क्लोर्डेन 1988 मध्ये बंद झाले. क्लोरपायरिफॉसचे बहुतेक घरगुती वापर 2000 च्या करारानंतर थांबत गेले. ओझोनच्या थराला घातक ठरलेल्या मिथिल ब्रोमाइडवर मोजके अपवाद वगळता 2005 पासून बंदी आली. जुन्या शिक्षणावर काम करणारा माणूस उद्या बेकायदा औषध मारू शकतो. म्हणूनच कॅलिफोर्नियात दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि शुल्काबरोबर ठरावीक तासांच्या प्रशिक्षणाचीही अट असते.

आजारपण, घरच्या अडचणी किंवा दुसरी नोकरी यांमुळे काम थांबवणाऱ्यांसाठी परवाना निष्क्रिय ठेवण्याची सोय आहे. त्या काळात प्रशिक्षणाची सक्ती नसते, पण काम करता येत नाही आणि नूतनीकरणही चुकवता येत नाही. पुन्हा कामावर यायचे तर राहिलेले प्रशिक्षण पुरे करावे लागते. हा पर्याय परवानाधारक स्वतःहून स्वीकारतो. नियमभंगासाठी मंडळाने केलेली परवान्याची स्थगिती ही शिक्षा असते.

केंद्राने 2017 मध्ये नियम सुधारून मर्यादित वापराच्या कीटकनाशकांसाठीच्या प्रमाणपत्राची मुदत देशभर जास्तीत जास्त पाच वर्षे ठेवली. त्याहून कडक नियम करण्याची मुभा राज्यांना आहे.